अर्नाळ्याच्या पाण्यात कॅमेरा किती पाहील?

कॅनडा, फिनलंड यांसारख्या थंड देशांत हिवाळ्यात तळी गोठतात. तेथील हौशी मासेमार बर्फाला वीतभर रुंदीचे भोक पाडून गळ टाकतात आणि दुसऱ्या भोकातून वायरीला बांधलेला लहानसा कॅमेरा खाली सोडतात. मासा गळाजवळ आला की तो वरच्या पडद्यावर दिसतो. असे कॅमेरे आता एखाद्या बऱ्या मोबाइल फोनच्या किमतीत मिळतात. मग अर्नाळ्याच्या होड्यांवर असा कॅमेरा का नसावा? घरचे पैसे मोडण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानाकडे मागू या.

प्रथम त्या तळ्याचा विचार करा. पाण्याची घनता 4 अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, म्हणून 4 अंशांचे पाणी तळाशी राहते आणि बर्फ वर तरंगतो. बर्फाच्या झाकणामुळे वाऱ्याने लाटा उठत नाहीत, भोवतालची जमीन गोठलेली असल्याने माती वाहून येत नाही, आणि उजेड कमी मिळाल्याने शेवाळही फारसे वाढत नाही. पाणी महिनोन्महिने निवळत राहते. त्या कॅमेऱ्याच्या यशाचे निम्मे श्रेय या निवळलेल्या पाण्याला द्यावे लागेल.

आता अर्नाळा पाहा. येथे वैतरणा नदी समुद्राला मिळते आणि आपल्याबरोबर गाळ आणते. शिवाय उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक बदलते. एवढे पाणी सहा तासांत आत आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जायचे, तर प्रवाह जोराचा असणारच. तो तळाचा चिखल पुन्हा पुन्हा ढवळून काढतो. मालवणला हाच फरक सुमारे दोन मीटर असतो. तेथील पाण्यात पाणबुडे पर्यटकांना मासे दाखवू शकतात, याचे एक कारण हेही आहे.

पाणी दोन प्रकारे प्रकाश हिरावून घेते. पहिला प्रकार शोषणाचा. अगदी शुद्ध पाणीसुद्धा तांबडा प्रकाश शोषते, पाच मीटरमध्ये त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. अवरक्त प्रकाशाची गत याहून वाईट. अनेक स्वस्त कॅमेऱ्यांत ‘अंधारातही दिसेल’ म्हणून अवरक्त दिवे बसवलेले असतात. त्यांचा 850 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश एक मीटर शुद्ध पाण्यातून गेला, तर शेकडा दोन भागही उरत नाही. आणि हा प्रकाश माशापर्यंत जाऊन परतही यायचा असतो! जाहिरातीत ही गोष्ट सांगत नाहीत.

दुसरा प्रकार विकिरणाचा, म्हणजे प्रकाश विखुरण्याचा, आणि अर्नाळ्यात खरा अडथळा याचाच. समजा, गढूळ पाण्यात दर अर्ध्या मीटरला प्रकाश निम्मा होतो. कॅमेऱ्याच्या दिव्याचा प्रकाश दोन मीटरवरच्या माशापर्यंत जाऊन परतेल, तेव्हा चार मीटर अंतर, म्हणजे आठ वेळा निम्मा. उरला 256 वा भाग. मधल्या चिखलाच्या कणांवरून मात्र भरपूर प्रकाश लगेच उलटा फिरतो. पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटात धुके असताना ड्रायव्हर अप्पर लाइट का लावत नाही? कारण समोर पांढरी भिंत उभी राहते. तोच हा प्रकार. काचेच्या बरणीत पाणी घेऊन त्यात चार-पाच थेंब दूध टाका आणि पलीकडे नाणे धरा. विजेरी डोळ्याजवळ धरून पाहा, मग बाजूने धरून पाहा. फरक लगेच कळेल.

यात एक मौज आहे. अर्नाळ्याचे कोळी डोल जाळे लावतात. ही नरसाळ्यासारखी लांब पिशवी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात. प्रवाह तिच्यातून वाहतो आणि बोंबील, जवळा, करंदी शेवटच्या बारीक विणीच्या भागात, खोल्यात, गोळा होतात. ही मासेमारी प्रवाहावर चालते, म्हणून तिचे दिवस उधाणाचे. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद, पाणी त्यातल्या त्यात निवळ, पण जाळे रिकामे. म्हणजे जेव्हा मासळी असते तेव्हा कॅमेरा आंधळा, आणि कॅमेऱ्याला दिसू लागते तेव्हा पाहण्यासारखे फारसे नसते.

ध्वनीचे तसे नाही. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर असतो. मासे शोधण्याच्या यंत्रातील 200 किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी त्यामुळे साडेसात मिलिमीटर येते. गाळाचे कण मिलिमीटरच्या काही सहस्रांश ते काही शतांश एवढे. प्रकाशाच्या लहरीपेक्षा ते मोठे, म्हणून तिला अडवतात. ध्वनीच्या लहरीपुढे ते नगण्य. समजा, 15 मीटर खोल तळावरून प्रतिध्वनी 0.02 सेकंदात परत आला, तर वाटेतल्या माशांचा त्याआधी येईल. ज्यांच्या पोटात हवेची पिशवी असते ते मासे ठळक उमटतात. कोळंबी, जवळा यांना ती नसते, त्यांचा प्रतिध्वनी क्षीण.

तुमच्या खाडीचे पाणी किती पारदर्शक आहे, हे मोजायला कॅमेरा नको. इटलीतील अँजेलो सेकी यांनी 1865 साली भूमध्य समुद्रात पांढरी चकती सोडून हे मोजले होते. डब्याचे 20-30 सेंटिमीटर व्यासाचे झाकण पांढरे रंगवा, खाली दगड बांधा, दोरीला दर 10 सेंटिमीटरवर गाठ मारा. मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, नांगरलेल्या होडीच्या सावलीच्या बाजूने चकती सोडा आणि ती दिसेनाशी होते त्या गाठी मोजा. वेळ मात्र नीट निवडा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशोब आजोबांना ठाऊक असेल. प्रतिपदेला भरती पाऊण वाजता येते, एकादशीला सकाळी सव्वाआठला. पहिले उधाण, दुसरा भांग, दोन्ही वेळी उजेड पुरेसा. दोन्ही तिथींना ऐन भरतीलाच मोजा, नाहीतर तुलना चुकेल.

चकती जेथे दिसेनाशी होते, त्याहून फार लांबचे कॅमेऱ्यालाही दिसणार नाही. आकडा दोन-तीन मीटरचा आला, तर कॅमेरा विकत घेण्याचा विचार जरूर करा. अर्ध्या मीटरचा आला, तर त्याचा उपयोग होडीच्या पंख्यात अडकलेली दोरी पाहण्यापुरता, तोही पंख्याच्या हातभर जवळ नेऊन, इंजिन बंद असताना.