घरच्या तारखा एकटीनंच का लक्षात ठेवायच्या?

अगं, माळ्यावर टाकलेला तो जुना लॅपटॉप भंगारात देऊ नकोस. त्याच्यासाठी एक काम आहे, आणि ते काम सध्या तुझ्या डोक्यात ठाण मांडून बसलंय.

मामंजींच्या पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला कोणाच्या लक्षात असतो? तुझ्या. एप्रिलात बँकेत भरायचा टीडीएसचा फॉर्म, गाडीचं पीयूसी, विम्याचा तिमाही हप्ता, सासूबाईंची रक्ततपासणी, मुदत ठेव कधी संपते, नणंदेच्या मुलीचा वाढदिवस, आजेसासऱ्यांचं श्राद्ध, नळवाल्याचा नंबर, सगळं तुझ्याच. कोणी काही विचारलं की घरातल्या सगळ्या माना तुझ्याकडे वळतात, आणि एखादी तारीख हुकली तर "तू आठवण नाही करून दिलीस" हेही तुलाच ऐकावं लागतं. हे मला बरं वाटत नाही. घर सगळ्यांचं आहे, तर घराच्या तारखाही सगळ्यांना दिसतील अशा जागी असायला हव्यात. तुझ्या फोनमध्ये नकोत. फोन तुझ्या पर्समध्ये असतो, म्हणजे पुन्हा सगळं तुझ्याच गळ्यात. दिवाणखान्यात, कोणालाही जाता-येता उघडता येईल अशा जुन्या कॉम्प्युटरवर हव्यात.

तो खूप हळू चालतो म्हणशील. तो हळू चालतो ब्राउझरमुळे. आजच्या वेबसाइटी आणि व्हिडिओ त्याला झेपत नाहीत. कॅलेंडर, कामांची यादी, पत्ते आणि टिपणं एवढंच ठेवणारा छोटा प्रोग्राम त्याला सहज झेपतो. असे प्रोग्राम काही आजचे नाहीत. बोरलँड कंपनीनं 'साइडकिक' काढला तो १९८४ साली. त्या काळच्या डॉस प्रणालीवर दुसरं काही काम चालू असताना दोन बटणं दाबली की स्क्रीनवर वही, कॅलेंडर आणि गणकयंत्र उघडायचं. तेव्हा डॉसच्या प्रोग्रामांना मिळून ६४० केबी मेमरीची मर्यादा होती. तुझ्या लॅपटॉपमध्ये २ जीबी असेल तरी ती त्याच्या ३,००० पटींहून जास्त झाली. तेव्हा मशीन कमी पडेल ही काळजी मनातून काढून टाक.

आता त्यावर विंडोज कुठलं आहे ते बघ. विंडोज ७चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. असं मशीन इंटरनेटला जोडून त्यावर बँकेचे व्यवहार करू नकोस, हे मी तुला हात जोडून सांगते. पण नेट काढून टाकलं तर तारखा-पत्ते ठेवायला ते उत्तम आहे. विंडोजच ठेवायचं असेल तर 'इसेन्शियल पिम' नावाचा प्रोग्राम बघ. त्याची साधी आवृत्ती फुकट आहे, आणि इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालणारीही मिळते. माझं मत विचारशील तर भाच्याला एक रविवार बसव आणि त्यावर अँटीएक्स किंवा एमएक्स लिनक्स घालून घे. जुन्या मशीनसाठी ती फार समजूतदार आहेत. त्यांच्या सॉफ्टवेअरच्या यादीत 'ऑस्मो' शोध, म्हणजे पुढचं सगळं मी सांगते तसं करता येईल.

ऑस्मो उघडलास की कॅलेंडर, कामं, संपर्क आणि टिपणं अशी चार पानं दिसतील. बस. मेल नाही, जाहिरात नाही, "खातं उघडा" म्हणून मागे लागणं नाही. तारखेवर क्लिक करून खाली दोन ओळी लिहिल्या की त्या दिवसावर खूण पडते. दिवसांना रंग देता येतात. मी दवाखान्याला एक, पैशांना एक आणि घरच्या कार्यांना एक, असे तीनच रंग ठेवलेत. जास्त रंग केलेस की कुठला कशाचा तेच आठवत बसावं लागेल.

पहिल्या दिवशी फोनमधले सगळे नंबर त्यात ओतायचा मोह आवर. फोनमध्ये शेकडो नावं असतात, त्यातली कितीतरी कुरिअरवाल्यांची आणि कधीकाळच्या दुकानांची. तू हातानं भर. आधी जी माणसं नसली तर घर अडेल ती: डॉक्टर, औषधवाला, गॅस एजन्सी, वायरमन, सोसायटीचा वॉचमन, शाळेच्या बसचे काका. मग नातेवाईक. वाढदिवस संपर्काच्या पानातच टाक. मग कोणाचा वाढदिवस किती दिवसांवर आलाय याची यादी प्रोग्राम स्वतः काढून देतो.

नावं मराठीतच लिही, पण एक पथ्य पाळ. अर्धी मराठीत आणि अर्धी इंग्रजी अक्षरांत असं करू नकोस. 'कुलकर्णी' शोधलंस आणि नाव इंग्रजी अक्षरांत असेल तर ते सापडणार नाही, आणि तुला वाटेल नंबर हरवला. टायपिंग युनिकोडमध्येच हवं. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घेतलास तर उत्तम, चार दिवस बोटं अडखळतात आणि मग वळतात. जुन्या 'शिवाजी'सारख्या फॉन्टमधल्या फायली तुमच्याकडे असतील तर त्यातला मजकूर जसाच्या तसा चिकटवू नकोस. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे दुसरीकडे नेलं की निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

पुनरावृत्तीच्या कामांत खरी सोय आहे. हप्ता दर तीन महिन्यांनी, पाण्याच्या फिल्टरची सर्व्हिसिंग दर सहा महिन्यांनी, असं एकदा सांगून ठेवलं की झालं. पण काम लिहिताना शेवटची तारीख टाकू नकोस. तिच्या आठ-दहा दिवस आधीची टाक, आणि खालच्या टिपणात पूर्ण मजकूर लिही: पॉलिसीचे कागद कुठल्या कपाटात आहेत, पैसे कुठल्या खात्यातून जातात, कोणाशी बोलायचं. नुसतं "विमा" लिहिलंस तर ते फक्त तुलाच कळेल. दुसऱ्या कोणी वाचलं तरी उठून ते काम करता आलं पाहिजे.

आता जरा तिथींबद्दल. इथे भल्याभल्यांची गल्लत होते. प्रोग्रामला "दरवर्षी" असं सांगितलं की तो इंग्रजी तारीख धरतो. वाढदिवसाला ते चालतं, सणाला नाही. गणेश चतुर्थीच घे: २०२३ला १९ सप्टेंबर, २०२४ला ७ सप्टेंबर, २०२५ला २७ ऑगस्ट. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकतात, आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. २०२३मध्ये श्रावण अधिक होता, २०२६मध्ये ज्येष्ठ. त्यामुळे नवरात्र, मंगळागौर, सासऱ्यांच्या आई-वडिलांची तिथी यांतलं काहीही "दरवर्षी"वर टाकायचं नाही.

ऑस्मोच्या कॅलेंडरात तारखेबरोबर चंद्राची कलाही दिसते. ती बघायला मला आवडते, पण तिच्यावरून तिथी ठरवू नकोस. पंचांगातली तिथी सूर्योदयाला कोणती आहे यावरून दिवसाला नाव मिळतं, तर श्राद्धाची तिथी अपराह्णकाळी कोणती आहे ते बघून धरतात. एवढं बारीक गणित त्या छोट्या चित्रात नसतं. त्यापेक्षा नवं कालनिर्णय घरात आलं की सासूबाईंना शेजारी बसव. त्या तिथ्या वाचतील आणि तू त्या तारखांवर लिहून टाक. एका दुपारचं काम आहे. आणि त्या वाचतात तेव्हा नुसत्या तारखा सांगत नाहीत. कोणाच्या श्राद्धाला कोणती भाजी वर्ज्य, कुळाचाराला किती सवाष्णी, गौरीला घावन-घाटलं की पुरणपोळी, हेही निघतं. तेही त्याच दिवसाखाली लिहून घे. हे कुठल्याही छापील कॅलेंडरात मिळणार नाही. ते त्यांच्याकडे आहे, आणि आज विचारलंस तरच मिळेल.

एका गोष्टीकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघ. जुना कॉम्प्युटर बंद असतानाही घड्याळ चालू ठेवायला त्यात रुपयाएवढा गोल सेल असतो, बहुतेकदा सीआर २०३२, ३ व्होल्टचा. काही वर्षांनी तो संपतो. मग मशीन चालू केल्यावर तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षावर गेलेली दिसते. नेट जोडलेलं असलं तर घड्याळ आपोआप सुधारतं, पण आपण नेट काढलंय ना! तारीखच चुकली तर आठवणी उपयोगाच्या नाहीत. तेव्हा सुरुवातीलाच सेल बदलून घे. साध्या डेस्कटॉपमध्ये पिन काढून, झाकण उघडून तो घरीही बदलता येतो. लॅपटॉपमध्ये काही वेळा तो वायरीला जोडलेला असतो, म्हणून दुरुस्तीवाल्याकडे ने. आणि हेही ध्यानात ठेव की प्रोग्राम चालू असेल तरच गजर वाजतो. कॉम्प्युटर बंद असला तर काहीच वाजणार नाही. औषधांच्या वेळा त्याच्यावर टाकू नकोस, त्यांना फोनचाच गजर. याच्यावर दिवसांचं आणि महिन्यांचं काम. सकाळी चहा ठेवतानाच मशीन चालू करायचं आणि चहा पिताना पुढचा आठवडा बघायचा. रोज एकानेच नाही, आळीपाळीनं.

पासवर्डांचंही सांगून ठेवते. ऑस्मोच्या टिपणांच्या पानावर एखादं टिपण कुलूपबंद करता येतं. खाते क्रमांक, लॉकरचा नंबर असं काही लिहायचंच असेल तर तिथेच. कॅलेंडरात आणि संपर्कात लिहिलेलं कोणालाही वाचता येतं असंच समजून चाल. पण त्या टिपणाचा पासवर्ड विसरलीस तर ते टिपण कायमचं गेलं, तो परत मिळवायची सोय नाही. म्हणून पासवर्ड कागदावर लिहून कपाटात दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेव, आणि कुठे ठेवलाय ते नवऱ्याला सांग. एटीएमचा पिन मात्र कुठेच लिहू नकोस.

प्रोग्राम निवडताना लोक दिसायला कसा आहे ते बघतात. मी आधी बघते की त्यातून बाहेर पडता येतं का. १९९०च्या दशकात 'लोटस ऑर्गनायझर' फार गाजला. स्क्रीनवर हुबेहूब रिंगवाली डायरी, पानं उलटायची, कडेला रंगीत पट्ट्या. माणसांनी त्यात वर्षानुवर्षांचं लिहिलं. पुढे लोटस आयबीएमकडे गेली आणि २०१३मध्ये आयबीएमनं तो बंद केला. फायली त्याच्या स्वतःच्या साच्यात होत्या, त्यामुळे त्या दुसरीकडे नेताना लोकांना फार खटाटोप करावा लागला. ऑस्मो कॅलेंडर, कामं आणि पत्ते साध्या एक्सएमएल फायलींत ठेवतो. उद्या ऑस्मो राहिला नाही तरी त्या फायली साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येतील. शिवाय कॅलेंडर आयकॅलेंडरच्या साच्यात बाहेर काढता येतं. तो साचा १९९८ सालचा, आता सगळीकडे चालतो, फोनसुद्धा तो ओळखतो. तुझ्या दहा वर्षांच्या नोंदी कुणा कंपनीच्या मर्जीवर राहू नयेत, याबाबतीत मी हट्टी आहे.

त्याच हट्टानं बॅकअपचंही सांगते. जुन्या मशीनची हार्ड डिस्क कधीतरी जाणारच. जाण्याआधी काही वेळा आतून टक-टक आवाज येतो, काही वेळा तोही येत नाही. ऑस्मोच्या फायली होम फोल्डरमध्ये लपवलेल्या असतात. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलंस की लपवलेले फोल्डर दिसतात. त्यात ऑस्मोच्या नावाचे जे फोल्डर सापडतील ते अख्खे पेन ड्राइव्हवर उतरव. आकार इतका लहान असतो की निमिषात होतं. फोल्डरच्या नावात तारीख घाल आणि जुनी प्रत लगेच पुसू नकोस, कारण चुकून काही खोडलं गेलं तर ते महिन्याभरानंही लक्षात येतं. एक पेन ड्राइव्ह घरात आणि एक आईकडे. तिच्याकडे गेलीस की बदलून आण.

आणि हे सगळं उभं करायलाही तूच राबशील, हे मला दिसतंय. म्हणून सुरुवात छोटी कर. आज फक्त येत्या तीन महिन्यांतल्या तारखा, आणि डॉक्टर व गॅसचे नंबर. दुसऱ्या दिवशी गाडीचं सगळं लिहायला नवऱ्याला बसव: पीयूसी, विमा, सर्व्हिसिंग. ते त्यालाच माहीत आहे, आणि पुढेही त्याच ओळी त्यानेच बघायच्या. शाळेच्या परीक्षा आणि फीच्या तारखा मुलीकडे दे. तिला टायपिंग येतं, ती तुझ्यापेक्षा भरभर करेल. कोणी येऊन "पीयूसी कधी आहे गं?" विचारलं की पटकन उत्तर देऊ नकोस. तुला पाठ असेल, तरी देऊ नकोस. "मशीनवर बघ" म्हण. पहिले काही दिवस त्यांना ते तुटक वाटेल, तुलाही अवघड जाईल. नेट धर. महिन्याभरानं त्यातलं कोणतं पान कोणीच उघडत नाही ते मला फोनवर सांग, म्हणजे ते काढून टाकायचं की दुसऱ्या कोणाकडे द्यायचं, ते आपण ठरवू.