स्वस्त मीटर घ्या, पण फ्यूज पाहून

मागच्या पावसाळ्यात ओळखीच्या एका टुरिस्ट गाडीवाल्यावर डायनामो बदलायची पाळी आली. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर 15.8 व्होल्ट दाखवत होता, तेव्हा रेग्युलेटर गेला असं निदान झालं. दुसरा डायनामो बसला तरी आकडा हलेना. शेवटी शेजारच्या वायरमनने आपला मीटर लावला, तर 14.2. अगदी हवा तेवढा! गाडीत काहीच बिघडलं नव्हतं. मीटरच्या पोटातला नऊ व्होल्टचा सेल उतरला होता. मीटर आतल्या एका ठरावीक व्होल्टेजशी ताडून आकडा काढतो. सेल फारच उतरला की ते व्होल्टेजच घसरतं आणि स्क्रीनवरचा आकडा फुगतो. कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह उमटलं की आधी सेल बदलावा, मग गाडीला हात लावावा.

दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मीटर टाकाऊ असतो, असं मात्र नाही. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, अर्धी उतरलेली 12.2 च्या आसपास. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. एवढा फरक स्वस्त मीटरलाही कळतो. खरा धोका आहे करंट मोजताना.

या मीटरला तीन भोकं असतात. त्यातल्या 10 अँपिअरच्या भोकाशेजारी ‘अनफ्यूज्ड’ असं बारीक अक्षरांत छापलेलं असतं. लाल वायर तिथे लावून करंट पाहिला, आणि ती न हलवताच बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलं, की घात झालाच. डायल व्होल्टवर फिरवूनही उपयोग नसतो, कारण त्या भोकामागे जाड तारेचा एक तुकडा असतो आणि तो थेट काळ्या वायरच्या भोकाला जोडलेला असतो. म्हणजे बॅटरी सरळ शॉर्ट. मोटारीच्या बॅटरीत शेकडो अँपिअर सोडायची ताकद असते. प्रोबच्या टोकाला ठिणगी उडते, वायरचं प्लास्टिक हातातच वितळतं, आणि चार्जिंगनंतर बॅटरीभोवती हायड्रोजन साचलेला असेल तर बॅटरीही फुटू शकते. फ्यूज असता तर तो उडून प्रकरण मिटलं असतं. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मीटर घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा: 10 अँपिअरला फ्यूज आहे का?

दुसरी गोष्ट, मिन-मॅक्स, म्हणजे सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा धरून ठेवणारं बटण. गाडी सेल्फ घेत नसेल तेव्हा या बटणाची किंमत कळते. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर खाली जातं. ते साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्यावा. बॅटरी चांगली निघाली तर एक प्रोब तिच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ मारावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची पट्टी किंवा तिचा नट खराब. इथे बीपवर विसंबू नये. वायरच्या दहा धाग्यांपैकी एकच शाबूत असला तरी कंटिन्युइटीचा बीप खणखणीत वाजतो. सेल्फचा भार पडला की मात्र तो एक धागा कामाचा नसतो. वायरिंगचे निम्मे घोळ या एका चाचणीत सापडतात, असं माझं ठाम मत आहे.

फ्यूज, मिन-मॅक्स, ऑटो रेंज, स्क्रीनला दिवा आणि जाड वायरचे प्रोब हे सगळं हजार-दीड हजारांत मिळू शकतं. सेन्सरच्या वायरवर काम करायचं असेल तर मीटरचा इनपुट रेझिस्टन्स 10 मेगाओम असल्याची खात्री करावी. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, वायरला बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नये. तो जास्त करंट ओढतो.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर गाडी बंद करून, लॉक करून अर्धा तास थांबावं, तोवर आतले कॉम्प्युटर झोपतात. त्यानंतर 50 मिलिअँपिअरच्या आत करंट असेल तर सहसा काळजी नाही. हे वायर न सोडवता मोजायला क्लॅम्प मीटर सोयीचा, पण बाजारातले बरेच स्वस्त क्लॅम्प फक्त घरातला एसी करंट मोजतात. डबीवर डीसी अँपिअर लिहिलंय का आणि मिलिअँपिअरपर्यंत वाचतो का, हे दुकानातच पाहून घ्यावं.