खचलेली भूमी

चंद्रपूर-बल्लारपूरच्या परिसरात जमिनीच्या पोटातून दगडी कोळसा काढतात. २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दलदलीत वाढलेल्या अरण्याचे ते अवशेष होत. अरण्य तर सूर्यप्रकाशात वाढले. मग ते इतके खोल गेले कसे? त्यावर माती पडली, एवढ्या उत्तराने समाधान होत नाही. वर्धा, प्राणहिता व गोदावरी ह्यांच्या खोऱ्यांत गाळखडकांचे थर काही हजार मीटर जाडीचे आहेत, आणि त्यांतील पुष्कळसे नद्यांच्या उथळ पाण्यात साचलेले आहेत. उथळ पात्रात एवढा गाळ मावावा कसा? गाळ साचत गेला तसतसा तळच खाली जात राहिला, असेच म्हणावे लागते. भूकवचास लांबच लांब भेगा पडल्या व त्यांमधील पट्टा हळूहळू खचला. अशा पट्ट्यास खचदरी म्हणतात.

ह्याच खचदरीतील थरांत, सिरोंचा भागातील कोटा गावाजवळ, प्राचीन माशांचे अवशेष सापडले. पोचमपल्लीनजीक तर एका अजस्र डायनोसॉरची हाडे मिळाली. रवींद्रनाथ टागोरांच्या गौरवार्थ त्यास १९७५ साली 'बारापासॉरस टागोराय' हे नाव मिळाले. बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय!

जुन्या भेगा मात्र अगदीच निद्रिस्त नाहीत. १३ एप्रिल १९६९ रोजी गोदावरीकाठच्या भद्राचलम् परिसरात भूकंप झाला. ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ परिमाणाचा भूकंप झाला, तेव्हा गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांतील घरांतही भांडी वाजली.