लहान दिवा, मोठा उजेड

मनुष्याने अंधारावर विजय मिळवला, असे आपण अभिमानाने म्हणतो. देवघरातील समई, ओसरीवरचा कंदील आणि त्यामागून आलेला विजेचा दिवा ही त्या विजयाची साधने होत. परंतु रात्री निजानीज झाल्यावर, सर्व दिवे मालवून, आजच्या एखाद्या घरात क्षणभर उभे राहून पाहावे. अंधार पुरता पडलेला नसतोच. टीव्हीवर तांबडा ठिपका, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावर हिरवा, इंटरनेटच्या राउटरवर निळा, तर भिंतीवरच्या चार्जरवर पांढरा. असे किती तरी ठिपके जागेच असतात. यंत्रात वीज आहे की नाही, त्याचे काम नीट चालले आहे की नाही, हे सांगण्यासाठी ते बसवलेले असतात. त्यांना दर्शक दिवे म्हणतात. दिवा मोहरीएवढा; पण तो माणसाची झोप कशी हिरावून घेतो, हे एका घरातील गोष्टीवरून कळून येईल.

त्या घरातील आजी माजघरात निजत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन दोन महिने झाले होते. दृष्टी निवळली होती. पोथीची अक्षरे पुन्हा स्पष्ट दिसू लागली होती. रात्री मात्र त्यांना झोप येईना. डोळा उघडला की समोरच्या फडताळावरून निळी तिरीप लकलकत अंगावर येई आणि आढ्यावर तिचा कवडसा थरथरत राही. शस्त्रक्रिया बिघडली असावी, अशी शंका त्यांच्या मनात घर करून बसली. मुलाने पदरमोड करून केलेला उपचार फुकट गेला, हे कोणत्या तोंडाने सांगावे? म्हणून त्या गप्प राहिल्या.

एका रात्री कॉलेजात शिकणारी नात पाणी पिण्यास उठली, तेव्हा आजी डोळ्यांवर पदर ओढून बसलेल्या तिला दिसल्या. तिने विचारपूस केल्यावर आजींनी सारी हकीकत सांगितली.

"आजी, तू आधी का नाही सांगितलंस?" नात कळवळून म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी डोळे तपासले. ते उत्तम होते. मग हा निळा उजेड कसला? रात्री माजघरात येऊन पाहताच सर्वांना उलगडा झाला. फडताळावरच्या राउटरचा दिवा अखंड लुकलुकत होता.

धाकट्या नातवाने तत्काळ राउटरवर जाड पंचा टाकला. तासाभराने हात लावून पाहतो तो यंत्र चांगलेच तापलेले! हवा खेळण्याची भोके पंचाने बुजली होती. "त्यापेक्षा रात्री बटणच बंद करू," वडील म्हणाले. हा उपाय सर्वांत सरळ होता. परंतु नातीचा अभ्यास मध्यरात्रीपर्यंत त्या राउटरवर चाले. "माझ्या झोपेपायी पोरीचं शिक्षण अडायला नको," असे म्हणून आजींनीच तो मोडून काढला. तेव्हा नातीने ठरवले की, आधी कारण शोधावे आणि मग उपाय करावा.

हे दिवे एलईडी या जातीचे असतात. डोळ्यांना दिसणारा तांबडा उजेड देणारा एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ साली तयार केला. आरंभीच्या या दिव्यांचा उजेड मंद असे. वीस मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह द्यावा, तेव्हा कोठे तो दिवसा नीट दिसे. प्रखर निळा एलईडी मात्र अनेक वर्षे कोणाला साधला नाही. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांच्या परिश्रमांनी १९९० नंतरच्या दशकात तो साध्य झाला व त्याबद्दल त्यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा एलईडी एका मिलिअँपिअरवरही लख्ख पेटतो. त्याला किती प्रवाह मिळावा, हे जोडीला बसवलेला रोधक ठरवतो. दिवा नवा आणि प्रवाह मात्र जुन्या बेताचा राहिला, म्हणजे दर्शक दिव्याची विजेरी होते.

दुसरे कारण आपल्या डोळ्यांतच आहे. दिवसा रंग ओळखणाऱ्या पेशी काम करतात. काळोखात दुसऱ्या, अधिक संवेदनशील अशा दंडपेशी जाग्या होतात. काळोखाला पुरते सरावण्यास डोळ्यांना सुमारे अर्धा तास लागतो. या दंडपेशींना निळसर-हिरवा उजेड फार जाणवतो आणि गडद तांबडा जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून दिवसा ज्याच्याकडे लक्षही जात नाही, तोच निळा ठिपका रात्री भगभगीत वाटतो. शिवाय वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा उजेड काही अंशी अडवते. शस्त्रक्रियेत ते काढून स्वच्छ, रंगहीन भिंग बसवले की तो उजेड पुन्हा मोकळेपणी आत येतो. आजींचा डोळा बिघडला नव्हता. उलट, तो सुधारल्यामुळेच निळा दिवा त्यांना अधिक बोचत होता!

हे ऐकून आजींच्या मनावरचा भार उतरला. मग उपाय सोपे होते. नातीने प्रथम राउटरचे तोंड भिंतीकडे वळवले. परंतु पांढऱ्या भिंतीवरून उजेड परतू लागला. तेव्हा तिने दिवाळीच्या आकाशकंदिलाचा उरलेला लाल जिलेटिनचा कागद काढला, त्याची तीन पदरी घडी केली आणि हवेची भोके मोकळी ठेवून ती केवळ दिव्यावर चिकटवली. लाल कागदातून निळा उजेड फारसा पार होत नाही. जवळ जाऊन निरखले तरच दिसावा, इतका तो दिवा मंदावला. टीव्हीच्या दिव्यावर तिने वायरमन वापरतात त्या काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. मात्र शेजारची रिमोटची खिडकी झाकू दिली नाही, कारण ती झाकली तर टीव्ही रिमोटला दाद देत नाही. काही यंत्रांत दिवा मंद किंवा बंद करण्याची सोय मुळातच असते. म्हणून माहितीपुस्तिका आधी वाचावी, असेही तिने भावाला सांगितले.

नातवाला हुरूप आला. पक्कड घेऊन तो म्हणाला, "ताई, यंत्र उघडून दिवाच तोडून टाकला तर?"

"मुळीच नाही!" ताई म्हणाली. "बटण बंद केल्यावरही काही यंत्रांच्या पोटात वीज साठून राहते. तिचा झटका बसतो."

मग तो चिकटपट्टी घेऊन इन्व्हर्टरच्या तांबड्या दिव्याकडे वळला. तेथे मात्र आजींनीच त्याला थांबवले. "बाळ, तो राहू दे. बॅटरी बिघडली तर आपल्याला कोण सांगणार? जो कामाचं सांगतो, त्याचं तोंड बांधू नये."

त्या रात्री माजघरात कित्येक दिवसांनी खरा काळोख पडला. पलीकडच्या खोलीत नातीचा अभ्यास नेहमीप्रमाणे चालू होता आणि अलीकडे आजी शांत निजल्या होत्या.

दर्शक दिव्याचे काम खबर देण्याचे. डोळे दिपवण्याचे नव्हे. कोणता दिवा खबर देतो आणि कोणता नुसताच लखलखतो, हे ओळखून प्रत्येकाला त्याच्या जागी व त्याच्या बेताने ठेवणे, यातच शहाणपण आहे. त्याहूनही मोठी गोष्ट ही की, घरातील एखादे माणूस मुकाट्याने काही सोसत असेल, तर ते आपल्या ध्यानात आले पाहिजे. त्यासाठी कोणत्याही यंत्रावर दिवा नसतो.