भागीदार तुरुंगात गेला, तर देणे कोणाचे?

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या पेढीतील एका भागीदारास त्याच्या खासगी प्रकरणात तुरुंगवास घडला. दुसऱ्याच आठवड्यात खेड्यावरचा एक व्यापारी दुकानी आला. त्याची चाळीस पोती ज्वारी त्या भागीदाराने पेढीच्या नावे उधार घेतली होती. ‘ज्याची सही, त्यास विचारा,’ असे सांगून मी त्या गृहस्थास परत पाठविले. पुढे वकिलांनी कायदा समजावून दिला, तेव्हा माझी चूक ध्यानी आली. ती इतर बंधूंकडून होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, तुरुंगवासाने कर्ज बुडत नाही आणि भागीदारीही आपोआप मोडत नाही. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे, करारात निराळे ठरले नसेल तर, भागीदाराच्या मृत्यूने किंवा तो नादार ठरल्याने पेढी विसर्जित होते. तुरुंगवासाने होत नाही. शिक्षा भोगणारा मनुष्य भागीदारच राहतो.

म्हणून देणे कोणत्या वहीतले, हे आधी पाहावे. पेढीच्या धंद्यासाठी, पेढीच्या नावे झालेले देणे सर्वांचे होय. कलम २५ अन्वये त्यास प्रत्येक भागीदार संयुक्तपणे व पृथक्‌पणेही जबाबदार असतो. धनको सर्व रक्कम एकट्याकडूनही मागू शकतो. समजा, देणे १२ लाख आणि पेढीची मालमत्ता ९ लाख आहे. उरलेले ३ लाख बाहेर असलेल्या भागीदारास स्वतःच्या घरातून भरण्याचा प्रसंग येईल. तुरुंगातील भागीदाराचा वाटा मागाहून त्याच्याकडून वसूल करावयाचा.

उलटपक्षी, त्याने मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज त्याचे एकट्याचे. त्यावरील हुकूमनाम्यात पेढीचा माल जप्त होत नाही. न्यायालय त्याच्या हिश्श्यावर बोजा ठेवू शकते आणि इतर भागीदारांस रक्कम भरून तो सोडविता येतो.

धनकोनेही स्वस्थ बसू नये. ऋणको तुरुंगात आहे म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही, आणि त्यास समन्स तुरुंगाधिकाऱ्यामार्फत बजावता येते.

संबंध तोडावयाचा असल्यास, ऐच्छिक भागीदारी सर्व भागीदारांस लेखी नोटीस देऊन मोडता येते. नोटीस तुरुंगातील भागीदारासही पोचली पाहिजे. एरवी, त्याच्या वर्तनाने धंद्यास बाध येत असल्यास, कलम ४४ खाली न्यायालयाकडे जावे. नोंदलेल्या पेढीने निबंधकाकडे, राजपत्रात व जिल्ह्यात खपणाऱ्या देशी भाषेच्या वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. ती न दिल्यास पेढी मोडल्यानंतरच्या व्यवहारांचे देणेही सर्वांच्या माथी येऊ शकते.

चाळीस पोत्यांची रक्कम मी स्वतः त्या गावी जाऊन पोचती केली. त्या गृहस्थाने रक्कम मोजून घेतली, पावती दिली. मात्र त्यानंतर त्याने आमच्या दुकानी माल कधी धाडला नाही.

भागीदार कैदेत गेल्यास सही कोणी करावी, त्याच्या हिश्श्याचा हिशोब कसा व्हावा, हे करारपत्रात आधीच लिहून ठेवावे. येत्या वहीपूजनापूर्वी प्रत्येकाने आपले करारपत्र एकवार वाचावे, एवढीच विनंती.