'कम्फर्ट' म्हणजे नेमकं काय? (गीता ११.५०)



आजचा श्लोक गीतेच्या ११ व्या अध्यायातला, ५० वा. त्याआधी एक इंग्रजी क्रियापद बघूया: 'कम्फर्ट'.

कम्फर्टेबल शूज, कम्फर्ट फूड, कम्फर्ट झोन... रोजच्या वापरामुळे या शब्दाचा 'मऊ, आरामशीर' हाच अर्थ आपल्या डोक्यात बसलाय. पण त्याच्या मुळाशी 'फोर्टिस' हा लॅटिन शब्द आहे, म्हणजे बळकट. इंग्रजीत हे क्रियापद आलं तेव्हा त्याचा अर्थ बळ देणं असा होता. आराम नंतर आला. मराठीत मला त्याला सगळ्यात जवळचं वाटतं ते 'धीर देणे'.

आता वापर. आपण 'तिला' धीर देतो, म्हणून इंग्रजीतही मध्ये 'टू' घालावंसं वाटतं. तो नको. 'शी कम्फर्टेड हर फ्रेंड', बस्स. दुसरं, 'कन्सोल' हे क्रियापद बहुतेक वेळा काही गमावल्यावर किंवा निराशा झाल्यावर वापरतात. 'कम्फर्ट' जास्त मोकळं आहे: घाबरलेल्या, आजारी, रडणाऱ्या माणसालाही चालतं.

मग या श्लोकात कोणतं बसेल? विश्वरूप पाहून अर्जुन थरथरतोय, पूर्वीचं रूप दाखव म्हणून विनवतोय. संजय सांगतो, कृष्णाने पुन्हा सौम्य रूप घेतलं आणि भ्यालेल्या अर्जुनाला धीर दिला. अर्जुनाने इथे काही गमावलेलं नाही, तो घाबरलाय. म्हणून मी 'कम्फर्ट' निवडेन.

मूळ संस्कृत क्रियापद आहे 'आश्वासयामास'. त्यात 'श्वस्' धातू आहे, श्वास घेणे. म्हणजे ज्याचा श्वास कोंडलाय त्याला पुन्हा नीट श्वास घेता येईल असं करणं. आपलं 'आश्वासन' यातूनच आलं. आता ते जास्त करून निवडणुकीत ऐकू येतं, तो भाग वेगळा!

पुढच्याच श्लोकात अर्जुन म्हणतो की मी भानावर आलो. पण समोरचं काय बदललं? युद्ध तसंच, भीष्म-द्रोणही तिथेच. 'काही होणार नाही' असं कृष्ण म्हणाला नाही. अर्जुनाला बघवेल, ओळखीचं वाटेल अशा रूपात तो समोर आला, एवढंच.

मैत्रिणीचे वडील गेले की आपण 'स्ट्राँग राहा' असं टाइप करतो. भावना खरी असते, पण बळ द्यायच्या जागी आपण तिच्याकडेच बळ मागतो. माझे आजोबा गेले तेव्हा समोरच्या काकू पिठलं-भात घेऊन आल्या. आईला म्हणाल्या, "तू दोन घास खा, तोवर फोन मी घेते." त्या दुपारचे सगळे फोन त्यांनी घेतले. आई सकाळपासून पहिल्यांदाच शांत बसून जेवली. माझ्यासाठी 'आश्वासयामास'चा अर्थ तो आहे.

आजचा अभ्यास: तुमच्या ओळखीत आत्ता कुणाचा श्वास कोंडलाय? त्याला सल्ला पाठवण्याआधी त्याचं एखादं काम अंगावर घेता येतंय का बघा. डबा, औषधं, बँकेची रांग, काहीही. ते जमलं की मग बोला. नाही बोललात तरी चालेल.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥