आधी कॅमेरा विचार, मग कार्ड

एडिटिंगच्या संगणकाचं कार्ड घ्यायला लॅमिंग्टन रोडला जायची घाई करू नकोस. काउंटरवरचा पोरगा पहिला प्रश्न विचारणार, "बजेट किती?" तू आकडा सांगितलास की संपलं. त्या आकड्यात बसणारं सगळ्यात झगमगीत कार्ड तुझ्या हातात येईल, लाल-निळ्या दिव्यांसकट. त्याआधी घरीच दोन गोष्टी कागदावर लिहून काढ: फुटेज कुठल्या कॅमेऱ्याचं येणार आणि तयार झालेलं काम शेवटी कुठे बघितलं जाणार.

पहिल्याचं उत्तर मला माहीत आहे. लग्नाचं शूटिंग करणारी पोरं आता सर्रास सोनीचा एफएक्स3 नाहीतर ए7 मालिकेतला कॅमेरा आणतात आणि 10-बिट 4:2:2 मध्ये शूट करतात. रंगाची माहिती भरपूर, पण फाइल घट्ट आवळलेली. ती उलगडायचं ओझं नुसत्या प्रोसेसरवर पडलं की टाइमलाइन अडखळते आणि लोक उठून आणखी महाग ग्राफिक्स कार्ड घेतात. गंमत अशी की एनव्हिडियाच्या 30 आणि 40 मालिकेतली भारी कार्डंसुद्धा 4:2:2 उलगडत नाहीत. ती सोय 2025 मध्ये आलेल्या 50 मालिकेपासून मिळाली. उलट इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमध्ये जे अंगचं ग्राफिक्स असतं, त्यातली क्विक सिंक नावाची सोय एच.265 मधली 4:2:2 फाइल आरामात उलगडतं. म्हणून नावाच्या शेवटी 'एफ' असलेला इंटेलचा प्रोसेसर घेऊ नकोस. थोडे पैसे वाचतात खरे, पण क्विक सिंक दुकानातच राहतं. आणि वेगळं कार्ड बसवल्यावर बायॉसमध्ये अंगचं ग्राफिक्स चालू आहे ना, हे बघून घे. पुष्कळदा ते आपोआप बंद होतं. एडिटिंगला रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरणार असशील तर त्याची स्टुडिओ आवृत्ती घे. एकदाच पैसे भरायचे, दरमहा नाही. फुकटच्या आवृत्तीत नेमक्या या फाइलींपाशी अडायला होतं.

ग्राफिक्स कार्डाचा वेग दोन पायऱ्या कमी असला तरी चालेल, मेमरी कमी नको. वेग कमी पडला तर रेंडरला वेळ लागेल, तेवढ्यात चहा होतो. मेमरी भरली तर काम थांबतंच. हॉलमधल्या अंधुक उजेडातल्या 4के फुटेजचे दाणे काढायला गेलीस की आठ जीबी बघता बघता संपतात. बारा घे, झेपलं तर सोळा. कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही. ड्रायव्हर गेमवाला नको, स्टुडिओवाला टाक. जुनं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नकोस. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगांनी बाजारात आली, आणि त्यातली अजून फिरत असतात.

आता दुसरा प्रश्न. दुकानदार हा विचारणारच नाही. काम फक्त यूट्यूब आणि रील्ससाठी असेल तर पुढचं सगळं सोडून दे, पैसे मॉनिटरवर घाल. पण चॅनेलला द्यायचं असेल, किंवा मंडळाने मंडपात मोठ्या पडद्यावर लावायचं असेल, तर व्हिडिओ आउटपुटचं कार्ड वेगळं लागतं. ग्राफिक्स कार्ड राबतं. खरं चित्र दाखवणं हे त्याचं काम नाही.

मॅट्रॉक्सचं आरटी2500, नंतर आरटी.एक्स100, कॅनोपसचं डीव्हीस्टॉर्म या कार्डांच्या जमान्यात हा प्रश्नच पडत नव्हता. कार्डातून वायर निघून थेट शेजारच्या टीव्हीत जायची आणि आम्ही टीव्हीकडे बघूनच कापायचो. पुढे ग्राफिक्स कार्डं दणकट झाली, ती वायर गेली, आणि एडिटर संगणकावरच्या चौकटीवर विश्वास ठेवायला लागले.

त्या चौकटीत काय लपतं ते सांगतो. आपल्याकडे एचडी प्रक्षेपण 1080आय50 मध्ये चालतं, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेम, प्रत्येक फ्रेम दोन फील्डांत. समज, मंडळाचं अमृतमहोत्सवी वर्ष आहे आणि कार्यकर्ते जुन्या मिनीडीव्ही टेप घेऊन आले. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, एचडीत वरचं. टाइमलाइनवर दोन्ही एकत्र आली आणि फील्डचा क्रम उलटा पडला, की लेझीम खेळणाऱ्या पोरांचे हात पुढे-मागे थरथरतात. संगणकाच्या खिडकीत ते बहुधा कळतच नाही. टीव्हीवर मात्र पहिल्या हलगीलाच कळतं. साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर 25 फ्रेम बसतही नाहीत. काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा, आणि संथ पॅनला धक्के बसतात. मग तू कॅमेरामनला बोल लावतेस. आउटपुट कार्ड घेईपर्यंत निदान मॉनिटर पन्नास हर्ट्झवर ठेव. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेम रेटही फुटेज आत घेण्याआधीच 25 कर, नंतर तो बदलता येत नाही.

काळ्या रंगाचंही तसंच. व्हिडिओत काळं 16 वर आणि पांढरं 235 वर असतं, संगणकात 0 ते 255. ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयने एक धरलं आणि टीव्हीने दुसरं, की नवऱ्याची काळी शेरवानी एकतर राखाडी दिसते नाहीतर तिच्यावरचं नक्षीकाम गायब होतं. तू ते रंग दुरुस्त करत बसतेस, मूळ फुटेज ठीकच असतं. काटाच खोटा असेल तर माप काय घेणार!

रिझॉल्व्हसाठी ब्लॅकमॅजिकचं डेकलिंक मिनी मॉनिटर 4के पुरेसं आहे. एसडीआय आणि एचडीएमआय दोन्ही निघतात. लॅपटॉप असेल तर अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर 3जी, पण त्याला थंडरबोल्ट लागतो. नुसतं टाइप-सी भोक बघून फसू नकोस, शेजारी विजेची खूण आहे का बघ. डेकलिंकला मदरबोर्डावर चार लेनची जागा लागते, आणि आजची जाडजूड ग्राफिक्स कार्डं शेजारचे दोन-दोन स्लॉट झाकून टाकतात. दुकानदार म्हणेल, बोर्डावर स्लॉट आहे की! कार्ड बसवल्यावर किती मोकळे उरतात ते विचार. कॅबिनेटची आतली लांबी टेपने मोजून ने.

मॉनिटर खिडकीसमोर ठेवू नकोस. अँटॉप हिलच्या आपल्या खोलीत दुपारनंतर ऊन आडवं येतं, तेव्हा रंगाला हात लावायचा नाही. जाड पडदा लाव. यूपीएस घे, बेस्टची वीज सहसा जात नाही, पण अर्ध्या सेकंदाचा झटकाही रेंडर मारायला पुरतो.

रविवारी जाऊ नकोस, बरीच दुकानं बंद असतात. दादरहून स्लो गाडी पकड, ग्रँट रोडला उतर. बिलावर कार्डाचा सिरियल नंबर लिहून घे आणि खोक्यावरच्याशी तिथेच ताडून बघ. येताना टॅक्सी कर. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर ते खोकं छातीशी धरून चालायचं नाही.